राखेची मौका पाहणी

भाऊजी, तुमच्या मृत्यूचं कारण अजून ठरलेलं नाही.

डॉक्टर म्हणतात, ऊन लागलं. तुमच्या गावचे लोक म्हणतात, अणू बाधला. माझी आक्का म्हणते, हट्ट नडला; भर दुपारी चालत सबस्टेशनला जायचं काही अडलं होतं का? राहिलो मी. मला तुम्ही ओळखता. माझी सगळी उमर महसूल खात्यात गेली आणि त्यातली बरीच गिरदावर म्हणून, म्हणजे पटवाऱ्याने कागदावर जे लिहिलं ते खरं की खोटं हे शेतात उभं राहून बघायचं काम. माझा या तिघांवरही विश्वास नाही. तुमच्यावरही पुरता कधी नव्हता, ते तुम्हाला माहीत होतं आणि त्याची तुम्हाला मजा वाटायची. म्हणून आज तुमच्याबद्दल गोड गोड लिहायला बसलो, तर तुम्हीच आधी म्हणाल की याच्यात कुठंतरी पाणी मुरतंय.

त्या दिवशी मावल्यात, निवृत्तीनंतर तुम्ही घर केलंत त्या आदिलाबादच्या वस्तीत, सकाळपासून लाईट नव्हती. मे महिन्यातलं आदिलाबाद, कूलर बंद, पंखा बंद, आक्काचं बीपी वर चढलेलं. जन्मभर वीज तयार केलेला माणूस तुम्ही. लाईट गेली की घरातल्याच कुणीतरी काहीतरी वेडंवाकडं केलं असावं, असं तुमचं तोंड व्हायचं. तुम्ही चपला घातल्यात. आक्काने डोक्याला दुपट्टा बांधायला लावला आणि शर्टाच्या खिशात कांदा कोंबला. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही याला काही शास्त्रीय आधार नाही, असं तुम्ही दारातून तिला ऐकवलंत. पण कांदा काढून ठेवला नाहीत. सबस्टेशनवरच्या माणसाने तुम्हाला काय सांगितलं ते आता कळायला मार्ग नाही. परत येताना कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली टेकलात, ते उठलाच नाहीत.

दवाखान्यात नर्सने तुमच्या वस्तू माझ्या हातात दिल्या. घड्याळ, चष्मा आणि तो कांदा. घड्याळ आणि चष्मा मी शरयूला दिला, तुमची लेक, तिचा हक्क. कांद्याचं काय करावं ते सुचेना, तो मी आपल्या खिशात टाकला.

ऊन वाढतंय, हे ऊन माणसं मारणार, असं तुम्ही वर्षानुवर्षं आम्हाला बजावत होतात आणि त्याच उन्हाने तुम्हाला नेलं. तुमच्या बाजूने एवढा सोयीचा पुरावा दुसरा सापडणार नाही. पण जे फार सोयीचं असतं, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकते. वय झालं होतं. छाती अधूनमधून दुखत होती, ते तुम्ही लपवत होतात. कुणी सांगावं? मी तर सांगणार नाही. रडलो मात्र खूप, त्यात संशयाला जागा नव्हती.

आक्काचं लग्न झालं तेव्हा मी तहसील कचेरीत नवाच चिकटलो होतो. तुम्ही तिला घेऊन दूर दुसऱ्या राज्यात गेलात, अणुवीज केंद्राच्या वसाहतीत. गावात सांगायची पंचाईत. जावई काय करतात? तर अणू फोडतात. लोक बॉम्बच समजायचे, आणि मी काही त्यांचा गैरसमज दूर करायला गेलो नाही, कारण माझा स्वतःचाही तसा दूर झाला नव्हता. दर उन्हाळ्यात तुम्ही सुट्टीवर यायचात, चार दिवस आमच्याकडे आणि मग मुधोळपलीकडे तुमच्या गावी, गोदावरीच्या काठी. त्या चार दिवसांत आपलं भांडण ठरलेलं. आक्का म्हणायची, यायले जेवन नाई दिलं तं चालते, भांडन पायजे.

एकदा तुम्ही मला वसाहतीत बोलावलंत. तुझ्या डोळ्यांनी बघ, म्हणालात. मी रजा टाकून, दोन गाड्या बदलून आलो. काय दाखवलंत? एक थंडगार हॉल, त्यात काचेच्या पेटीत अणुभट्टीचा नमुना, बटण दाबलं की लाल निळे दिवे लागणारा. भिंतीवर हसऱ्या बाळांची चित्रं. मग लांबून दोन घुमट आणि एक फाटक. तुमच्या छातीवर तो बिल्ला होता, अंगावर किती किरण पडले ते मोजणारा, आणि तो लावून तुम्ही आत गेलात. मी बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. संध्याकाळी मी म्हटलं, आमच्या खात्यात मौक्यावर जाऊन पाहणी केल्याशिवाय गिरदावर सही करत नाही. जिथं पाहणी नाही तिथं मान्यता नाही.

तुम्ही हसून म्हणालात, "इमानात बसतो तवा इंजिन उघडून पाह्यतो काय रे?"

"म्या इमानातच बसत नाई," मी म्हटलं.

आणि हे खरंच होतं. आजतागायत बसलो नाही.

पण भाऊजी, एक मान्य करतो, आणि ते तुम्ही असतानाही मान्य करत होतो. रोगाबद्दल आपलं भांडण कधीच नव्हतं, औषधाबद्दल होतं. ऊन वाढलंय हे मला कुणी शास्त्रज्ञाने सांगायला नको. आमच्याकडे होळी झाली की कूलर माळ्यावरून खाली यायचा, त्याच्या जाळीत नवं वाळ्याचं गवत भरायचं, मोटारीला तेल द्यायचं. हा घरोघरचा रिवाज. हळूहळू तो होळीच्या आधी यायला लागला. पाऊस एकदा पडून गायब होतो आणि कपाशीची दुबार पेरणी करावी लागते, हे तर मी पीकपाहणीला फिरताना बांधाबांधावर ऐकलंय. रोग खरा. पण ज्या वैद्याच्या दवाखान्यात रोग्याला आत डोकावू देत नाहीत, त्याची पुडी डोळे मिटून कशी घ्यायची, एवढंच माझं म्हणणं होतं.

तुम्ही कधी चिडला नाहीत, याचाच मला जास्त राग यायचा. मी म्हणायचो, तुमची एक भट्टी उभी राहीपर्यंत पाळण्यातलं पोरगं नोकरीला लागतं. ही तर तहान लागल्यावर विहीर खणायची गोष्ट झाली. तुम्ही म्हणायचात, तहान लागली आहे हे तरी कबूल ना, मग खणायला तर लागणारच, आज नाही खणली तर उद्याच्या तहानेला काय पाजशील? मी म्हणायचो, भट्टी थंड ठेवायला नदीभर पाणी लागतं, आणि आमची गोदावरी मे महिन्यात डोहावर येते. तुम्ही म्हणायचात, समुद्राकाठी बांधू. मी म्हणायचो, समुद्रही चढतोय असं तुम्हीच सांगता. मग तुम्ही चहा मागवायचात.

सौर पाट्या मी घरावर बसवल्या, त्या खरं सांगायचं तर तुमच्या नाकावर टिच्चून. तुम्ही सुट्टीवर आलात, जिना चढून वर गेलात आणि म्हणालात, बसवणाऱ्याने कोन चुकवलाय. स्वतः उन्हात उभं राहून त्या नीट करून दिल्यात. मग पावसाळ्यात आठवडाभर झड लागली की तुमचा फोन यायचा. आज सूर्यनारायण कसे आहेत, तब्येत बरी आहे ना? तुमचा सूर्याला विरोध नव्हताच. सूर्य हवा, वारा हवा आणि शिवाय अणूही हवा, ताटात एकच भाजी कशाला, असं तुमचं म्हणणं. माझ्या घरातला दिवा आजही तुमच्या हाताने लावलेल्या कोनावर चालतो. त्याबद्दल आभार मानायचे राहिले, ते आज मानतो.

आपलं सगळ्यात मोठं भांडण माझ्याच ओसरीवर झालं. मला वाटलं होतं की त्या दिवशी मी तुम्हाला पकडलं. आमच्या कचेरीत निजामाच्या काळचा एक शब्द अजून चालतो, विरासत. खातेदार मेला की त्याची जमीन वारसाच्या नावावर लावायची, ती विरासत. तीन पिढ्यांची विरासत लावताना भाऊ भावाचं डोकं फोडतो, हे मी नोकरीभर पाहिलेलं. म्हणून मी विचारलं, "तुमचा तो जळका कचरा हजारो साल राखा लागते म्हन्ता. त्याची विरासत कोनाच्या नावानं लावाची?"

तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि शांतपणे म्हणालात, "आमचा कचरा कुठं हाये ते तरी आमाले ठाऊक हाये. कोळशाच्या धुराची विरासत कोनाच्या नावानं लावली रे तुमी? तो तं सगळ्यायच्या छातीत जमा हाये."

आमच्या जुन्या, तुकडे पडण्याआधीच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोळशाच्या खाणी मी पाहिलेल्या होत्या, तिकडे दौऱ्यावर गेलं की संध्याकाळी रुमाल काळा व्हायचा. तुम्ही पुढे असंही म्हणालात की कोळशाच्या राखेतसुद्धा थोडं युरेनियम असतं, आणि त्याच राखेच्या विटांनी आता गावोगाव घरं बांधतात. ते मला तेव्हाही पटलं नाही. तुम्ही वाद जिंकायला काहीही सांगाल, असं मनात आलं. नंतर कुणाला विचारायलाही गेलो नाही, खरं निघालं असतं तर काय करायचं होतं?

आता त्या पांढऱ्या गाडीबद्दल बोलायला हवं, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. मागच्या हिवाळ्यात तुमच्या गावच्या नदीकाठी एक पांढरी गाडी आली. तिच्यावर पाटी नव्हती. उतरलेल्या माणसांनी काठची माती पिशव्यांत भरली, डोहाचं पाणी बाटल्यांत घेतलं आणि कुणी विचारलं तर हिंदीत 'सँपल है' एवढंच सांगून निघून गेले. झालं. कुणी म्हणालं, कपाशीसाठी माती तपासतात. कुणी म्हणालं, युरेनियम सापडलंय. कुणी म्हणालं, नवीन छोट्या भट्ट्या निघाल्यात, त्यांच्यातली एक इथं येणार. तुमचा चुलतभाऊ दत्तराव, गावच्या पाणी योजनेचं तोच बघतो, त्याने तुम्हाला फोन केला. घरचाच अणूवाला असताना दुसऱ्या कुणाला विचारणार?

तुम्ही चारी दिशांना फोन लावलेत. जुन्या सोबत्यांना विचारलंत. कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना असावं ते विषय बदलत होते. त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या पायरीवर येऊन बसलात. मग म्हणालात, "सांगाले काय हरकत होती?"

भाऊजी, एवढ्या वर्षांत तुमच्या तोंडावर संशय मी पहिल्यांदा पाहिला. तो पाहण्यासाठीच तर मी भांडत होतो. पण बरं वाटलं नाही. घरात दोन शंकेखोर होऊन चालत नाही, एकाने तरी विश्वास सांभाळायला हवा, आणि ते काम इतकी वर्षं तुम्ही करत होता हे तेव्हा कळलं. ती गाडी कशासाठी आली होती हे अजून कुणालाच माहीत नाही.

यंदा कूलर महाशिवरात्रीलाच खाली काढला. तुमच्या अंगणात तुम्ही जाळीची चौकट धरून बसला होतात आणि मी गवत दाबून खिळे ठोकत होतो. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, यंदा ती तेवढंही न बोलता गेली होती. तुमच्या कपाळावर घाम होता. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "गिरदावर, माही सगळी जिंदगी त्या भट्टीत गेली. तू एकदा तं म्हन, बरं केलं म्हनून."

"हातोडी द्या," मी म्हटलं.

तुम्ही हातोडी दिलीत. तेवढ्यावर ते थांबलं. पुढे कितीदा तरी भेटलो, बाजारात, दवाखान्यात, आक्काच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीवर, पण तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत आणि मीही विषय काढला नाही. मला ते खोटं म्हणवत नव्हतं. तुमचं मन राखायला एक वाक्य बोललो असतो, तर तुम्ही लगेच ओळखलं असतं आणि तुम्हाला जास्त लागलं असतं. असं मी स्वतःला सांगतो. हेही सोयीचंच आहे.

मग तुमची राख.

तुमच्या घराण्यात अस्थी बासरच्या घाटावर नेत नाहीत. तुमचे वडील, आजोबा, सगळे गावाखालच्या डोहात गेले. मलाही तिथंच सोडा, असं तुम्ही आक्काला कितीदा तरी सांगितलं होतं. आक्काचे गुडघे चालत नाहीत, म्हणून अस्थी सावडल्यावर मी आणि शरयू निघालो. निर्मल, भैंसा, मुधोळ. गाडीत मडकं तिच्या मांडीवर होतं, लाल फडकं बांधलेलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी मडक्याकडे.

काठावर गावातले लोक जमलेले दिसले. मला वाटलं, मान द्यायला आलेत. दत्तराव पुढे आला, हात जोडले. त्याचे डोळे रडून सुजले होते आणि तरीही तो आमच्या वाटेत उभा राहिला.

"पोरी, मनाले लावून घेऊ नको," तो शरयूला म्हणाला. "तुह्या बापाचा आमाले लय अभिमान. पन ही राख डोहात नको. उन्हाळ्यात अख्खा गाव हेच पानी पेतो. वाहतं असतं तं गोष्ट अलग होती. बासरले मोठा घाट हाये, तिथं सोडा."

नदीकडे पाहिलं. खरोखरच वाहत नव्हती. वाळू, वाळू आणि मध्ये तेवढा एक हिरवट डोह. पांढऱ्या गाडीपासून गावाची झोप उडालेली, त्यात भट्टीत काम केलेल्या माणसाची हाडं घेऊन आम्ही आलेलो. शरयूने फोनवर तुमच्या निवृत्तीच्या वेळच्या तपासणीचा कागद काढून दाखवला. सगळं ठीक असल्याचं त्यात लिहिलं होतं. दत्तरावाने तो पाहिलासुद्धा नाही, त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कागद तं सगळेच दाखवतात, गिरदावर साब. हे तुमीच म्हन्ता. तुमच्याहून शंकेखोर मानूस जिल्ह्यात नाई, अन् तुमी जनमभर आमच्या भावाच्या भट्टीवर शक घेतला. आता तुमी सांगा. तुमी हो म्हनलं तं सोडा राख."

बघा भाऊजी. सगळी हयात मी तुमच्यावर जो संशय घेतला, त्याचाच शेवटी शिक्का झाला आणि तो तुमच्यासाठी मारायची पाळी माझ्यावर आली. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मला हसू आलं नाही. कारण मलाही ठाम माहीत नव्हतं. बासर काही लांब नव्हतं, पाणीही तिथं जास्त, कुणाचं मन दुखलं नसतं. फक्त तुमची एक इच्छा मोडली असती, आणि उद्यापासून आक्काच्या कानावर आलं असतं की तुमच्या राखेला तुमच्याच गावाने हाकललं. मग तुम्ही कशाने गेलात याचाही निकाल लागला असता. अणूने. कायमचा.

मी शरयूला बाजूला घेतलं आणि जे तुम्हाला विचारायचो तेच तिला विचारलं. ती म्हणाली, मामा, बाबांचं बरंचसं काम टर्बाइनकडचं होतं. एक्स-रे काढल्यावर किरण अंगात साठून राहतात का? तसंच ते. श्वासातून काही आत गेलं तर मात्र राहू शकतं, म्हणून त्यांची तपासणी व्हायची, लघवीचीसुद्धा. "हे बाबांनी तुम्हाला शंभरदा सांगितलं असेल," ती म्हणाली. सांगितलं होतं. पण तेव्हा मी ऐकत नव्हतो, पुढचा मुद्दा जुळवत होतो. ऐकल्यावर पटलं. आणि पटता पटताच मनात आलं, तपासणारेही त्यांचेच.

मग मला जे एकच काम येतं ते मी केलं. मौक्यावर उभा होतो, तर पाहणी केली. कागदावर वाद असला की आमच्यात वहिवाट बघतात. म्हणजे इतकी वर्षं उघडपणे, सगळ्यांच्या देखत, ती जागा कोण वापरत आलं, आणि तेव्हा कुणी हरकत घेतली का. मी चपला काढून डोहाच्या काठापर्यंत गेलो, पाण्याकडे नीट पाहिलं आणि कचेरीतल्या जुन्या आवाजात विचारायला लागलो. भाऊजी दर उन्हाळ्यात इथं यायचे का? यायचे, दत्तराव म्हणाला. नोकरीत असतानाच ना? हो. या पाण्यात उतरायचे का? उतरायचे. तो पुढे म्हणाला, आमच्या पोरायले पोहाले त्यानंच शिकवलं. मग तेव्हा गावाने हे पाणी प्यायचं सोडलं होतं का? दत्तरावाने नकारार्थी मान हलवली.

"जिता मानूस सुट्टीभर डोहात डुंबलेला चालला," मी म्हटलं, "अन् आता मूठभर राख चालत नाई?"

राखेच्या विटांचं मी काढलं नाही. दत्तरावाचं नवं घर त्याच विटांचं आहे, उगाच गाव घरं पाडायला निघालं असतं.

दत्तराव पाण्याकडे बघत राहिला. त्याच्या मागे त्याची बायको रिकामा हंडा कमरेवर घेऊन उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिवाट मान्य," तो म्हणाला. "पन पयलं पानी तुमी प्या."

रास्त होतं. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं.

शरयू गुडघाभर पाण्यात गेली आणि तिने फडकं सोडलं. राख पाण्यावर पसरली, थोडा वेळ तशीच तरंगत राहिली आणि मग कडेकडेने बुडायला लागली. मी फुलं सोडली. खिशात हात गेला तर कांदा लागला. त्याला बारीकसा कोंब फुटला होता. तोही सोडला. शास्त्रीय आधार नाही, पण असू द्या तुमच्यासोबत. शरयू तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडली.

मग मी आत उतरलो. तुम्हाला ठाऊक आहे, मी लग्नातसुद्धा घरून पाण्याची बाटली नेतो. ओंजळ भरली. राख अजून हातभर अंतरावर होती. पाणी कोमट होतं, गाळाचा वास येत होता, आणि माझे हात असे कापत होते की अर्धं पाणी मनगटावरून खाली गेलं. उरलेलं प्यालो. सगळ्यांच्या देखत, सावकाश, घोट घेताना दिसेल असं प्यालो. थोड्या वेळाने दत्तरावाची बायको माझ्या शेजारून पाण्यात आली, तिने हंडा आडवा केला, भरला आणि डोक्यावर घेऊन घराकडे गेली. रोज जाते तशी.

बरं केलं, हे मला अजूनही म्हणता येत नाही, भाऊजी. कचऱ्याची विरासत लागलेली नाही, पांढरी गाडी कुणाची ते कळलेलं नाही, फाटक अजून बंद आहे. तुम्ही म्हणाल, काय गिरदावर, शेवटी विश्वास ठेवलाच ना? नाही ठेवला. विश्वास असता तर हात कापले नसते. तुमच्या राखेचं पाणी मी संशयासकट प्यालो.